तू ‘थांब’ म्हणालीस तेव्हा

आई, काल चर्चच्या उपासनेत पेटीवर तुझंच गीत घेतलं आणि त्या एका शब्दाशी मी पुन्हा मुकी झाले. बाकीची मंडळी गात राहिली.

नाहूरच्या त्या खोलीत घड्याळ होतं, पण तुझा स्वयंपाक चालायचा या गीतावर. दोन कडवी झाली की पिठलं उतरायचं, चारही झाली की भात. भिंतीपलीकडून मालवणच्या काकू ओरडायच्या, “गाणा सोडू नको गो, माझो भात होवचो आसा!” तुला वाचता येत नव्हतं, गीत तुझ्या आईकडून तोंडपाठ आलेलं. पीठ मळताना तू ओळीचा पहिला शब्द टाकायचीस आणि पुढची ओळ मी उचलायची. एकदा मी मध्येच खेळायला पळाले, तर पिठाच्या हातानंच धपाटा घातलास. “अर्धं टाकून कुठं चाललीस गं? प्रभूला काय बस पकडायचीय?”

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी तू घाटकोपरच्या दवाखान्यात होतीस. दुपारी माझी टायपिंगची परीक्षा. मी पिशवी उचलते आणि तू डोळे मिटूनच म्हणतेस, “थांब.” गीताचं तिसरं कडवं याच शब्दानं सुरू होतं, प्रभूला जवळ थांबायची विनवणी. मी पुढची ओळ उचलली, कडवं पुरं केलं, तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि निघाले. परत आले तेव्हा खाटेवरची चादर काढलेली होती. तुझा शेवटचा शब्द ‘थांब’ होता, असं सिस्टरनं सांगितलं; तेच धरून पाळकसाहेब म्हणाले, “पोरी, प्रभूला हाक मारत गेली तुझी आई. भाग्यवान!” मंडळीतली म्हातारी माणसं अजून ही साक्ष सांगतात आणि मी मान डोलावते.

गीत मात्र मी सोडलं नाही. बाळंतपणात, तुझा जावई गेला तेव्हा, यानंच मला धरून ठेवलं. मी थांबले नाही, पण प्रभू तुझ्याजवळ थांबला, यावर माझा विश्वास आहे. तो नसता तर मला वेड लागलं असतं. तरी कुकर लावला की कधी कधी तुझा आवाज येतो, तेवढाच एक शब्द, आणि मी गॅस बंद करून उभी राहते.

हे पत्र कुणाच्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगते. परीक्षेला अजून दीड तास होता, आई. तुझा तो श्वास मला ऐकवत नव्हता. आणि गीतातलं ‘थांब’ तू नेहमी लांबवायचीस, ते तसं नव्हतं. तू मलाच म्हणत होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर मी घाईघाईनं गायला लागले.