हळदीची खुर्ची, उंब्रजचा डबा

९ जुलै १९९५

मिळाली खोली! सांगलीच्या गावभागात, माडीवर. एक खिडकी, एक दार, आणि आम्ही दोघं. दुसरा म्हणजे वरद — वाईचा, माझ्याच वर्गात, इलेक्ट्रिकल डिप्लोमाला. त्याच्या सामानात सतार आहे, माझ्या सामानात शेंगदाण्याची चटणी. जमेल आमचं.

फर्निचर म्हणून एक लोखंडी कॉट. तीही कूस बदलली की किंचाळते. घरमालकीण गोदावरीकाकू जिन्यातूनच म्हणाल्या, "टेबल-खुर्चीचं तुमचं तुम्ही बघा हं. आणि खोलीत मांस-मच्छी नाही!" अंड्याचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

उंब्रजच्या स्टँडवर सोडायला आई आली होती. आबा नाही आले. फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाचा पोरगा भरतीला न जाता वायरी जोडायला शिकणार, हे त्यांना पटलेलंच नाही. मे महिन्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. अगदीच गरज पडली तर आईकडं बघून बोलतात. काल निघताना म्हणाले, "त्याला सांग, छत्री ऱ्हायली."

छत्री माझ्या पायाशीच होती. आबा छत्रीच्या त्या बाजूला.

१२ जुलै

डबा सुरू झाला! आमच्याकडची निम्मी पोरं अशीच शिकली. घरचे पहाटे डबा करून सकाळच्या पहिल्या सांगली गाडीत ठेवतात, कंडक्टर आणतो, आपण स्टँडवर जाऊन घ्यायचा आणि कालचा रिकामा डबा त्याच्याच हाती परत द्यायचा. आमच्या गाडीचे कंडक्टर लालासाहेब, आमच्याच गावचे. पिशवी देताना ओरडले, "वजन हाय रं जया! पलटणीचं जेवान धाडलंय का काय?"

खरंच दोघांना पुरून उरलं. भाकरी, बटाट्याची भाजी, खर्डा. मीठ जरा पुढं होतं. वरद पाणी पीत पीत म्हणाला, "तुझ्या आईचा हात सढळ आहे." सढळच आहे. भाकऱ्या एवढ्या जाड कधीपासून करायला लागली, कोण जाणे.

३० जुलै

खुर्ची सापडली! काकूंच्या परसात, सरपणाच्या ढिगात. तीन पाय, बैठकीचा वेत गायब. काकू ती बंबात घालणार होत्या. मी म्हटलं, मला द्या. "बसशील कुठं? भोकात?" असं म्हणून हसल्या. पण दिली.

चौथा पाय म्हणून क्रिकेटचा स्टंप लावला. मोडका होता, म्हणून तर मिळाला. मापानं कापला, खिळे ठोकले, वर तार आवळली. बैठकीला जुन्या खाटेची नवार विणली. विणताना बोटांची सालं निघाली, पण बसलो! मोडली नाही! वरदला म्हटलं, तू बस. तो देवाचं नाव घेऊन बसला.

६ ऑगस्ट

मार्केट यार्डातून सफरचंदाची खोकी आणली. एकावर एक ठेवली, आत वर्तमानपत्र घातलं — झालं फडताळ. वर स्टोव्ह, खाली तांदूळ, मधे पुस्तकं. पुस्तकांना रॉकेलचा वास येतो. वरद म्हणतो, अभ्यास पेटेल तरी. टेबल म्हणजे एक जुनं दार, विटांवर आडवं. कडी अजून तशीच आहे. तिला टॉवेल अडकवतो.

खोलीकडं बघत बसलो उगाच. बरं वाटतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि पहिली खिचडी टाकली. सुट्टी म्हणून आज डबा नको असं आधीच कळवलं होतं. खाली लागली, वर कच्ची, मधे मात्र फक्कड! आम्ही मधलीच खाल्ली.

वरदनं दडपे पोहे शिकवले. शिजवायचं काहीच नाही — पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, लिंबू, वरून फोडणी, आणि झाकण घालून गप्प बसायचं. मला ते गप्प बसणंच जमत नाही. चारदा झाकण उघडलं.

१९ ऑगस्ट

लालासाहेब म्हणाले, "तुमच्या घरात लय पहाटं दिवा लागतोय बघ. मी ड्युटीवर निघतो तवा सगळं गाव झोपल्यालं असतंय."

दिवसभर तेच डोक्यात. आई रोज एवढ्या पहाटे उठते, ते माझ्यासाठी. दिवसभर रान, जनावरं, आणि वर हे. मी इथं आरामात स्टंपाच्या खुर्चीवर. लाज वाटली. ठरवलं — भाकरी शिकायची आणि डबा बंद करायचा. आणि मग आबांना बोलवायचं. त्यांनी एकदा या खोलीत यावं, माझ्या खुर्चीत बसावं, माझ्या हातचं खावं आणि मला — मला, आईला नाही — म्हणावं, "बरं हाय." एवढंच पाहिजे.

१ सप्टेंबर

गणपतीला घरी जाऊन आलो. आबा दोन्ही दिवस रानात. जेवायला यायचे, जेवायचे, जायचे. माझ्या ताटात किती भाकऱ्या आहेत ते मात्र बघायचे. खादाड म्हणत असतील मनात.

आईला म्हटलं, "भाजीत मीठ जास्त होतंय गं." तर पदर तोंडाला लावून हसायला लागली! म्हटलं, "तुझी झोप मोडते रोज." तर म्हणे, "माझी कशानं मोडतीया? तू खा की गप." अशीच आहे. कधी कबूल करायची नाही.

३ सप्टेंबर

आजचा पराक्रम लिहिलाच पाहिजे.

खुर्चीचे तीन पाय काळपट आणि स्टंप पांढराफटक. रंग आणायला कशाला जायचं? सांगलीत राहतो आपण! हळद उकळली आणि सगळ्या खुर्चीला दोनदा फासली. काय रंग आला! सोन्यासारखी दिसायला लागली. वरद मिरजेला सतार दुरुस्तीला देऊन आला होता, तिथल्या कारागिराकडून त्यानं लाखेचं पॉलिश आणलं होतं बाटलीभर. ते वरून मारलं. पॉलिशमधल्या स्पिरिटनं सगळी हळद वर खेचून आणली, हे मला कुठं ठाऊक? वर ही दमट हवा. वाळलं असं वाटलं, पण वाळलं नव्हतं.

आणि वरद बसला. पांढऱ्या पॅंटीत. आज त्याच्या मामेबहिणीचा साखरपुडा, मिरजेत!

उठला तो चिकटूनच. मागून पिवळाधमक. मी हसलो नाही. म्हणजे आधी हसलो, मग नाही हसलो. साबण लावला तर डाग लालभडक झाला! काकू धावत आल्या, बघितलं, आणि जिन्यात बसून हसू लागल्या. "अरे, साखरपुडा कुणाचा? तुझा की बहिणीचा?"

शेवटी माझी पॅंट घालून गेला. त्याला आखूड होते. जाताना दार आपटलं त्यानं. पण येताना माझ्यासाठी कागदात बांधून पेढे आणले.

२४ सप्टेंबर

भाकरी. नकाशा.

२६ सप्टेंबर

भाकरी. दुसरा नकाशा. काकू म्हणाल्या, पीठ आधी तळहातानं चांगलं मळ, चीर पडते ती घाईनं.

२९ सप्टेंबर

फुगली! टम्म फुगली! वरदला बाथरूमच्या दारावर ठोकून सांगितलं. तो आतून म्हणाला, "येतो, स्टोव्ह विझवू नकोस."

१ ऑक्टोबर

लालासाहेबांना रिकामा डबा दिला आणि सांगितलं, "घरी सांगा, उद्यापासून डबा नको. मी करतो माझं मी. आईला म्हणावं, झोप आता निवांत."

लालासाहेब डबा हातात धरून उभेच राहिले. "इचारलंस का घरी?" म्हटलं, विचारायचं काय त्यात? त्यांनी घंटी मारली.

आणि हेही सांगितलं की आबांना म्हणावं, एकदा येऊन जा. खुर्ची केलीये. (आता वाळली आहे. मी पांढरं फडकं घासून बघितलं.)

८ ऑक्टोबर

मस्त चाललंय. सकाळी स्टँडवर पळापळ नाही. पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, रविवारी माझ्यापुरती अंड्याची भुर्जी — खिडकी उघडी टाकून. वर्गातली दोघं-तिघं जेवायला येतात आणि खुर्चीवर पाळीपाळीनं बसतात. कुणाला सांगितलं की हे सगळं आम्ही केलंय, तर खरं वाटत नाही. आपल्या पायावर उभं राहणं म्हणतात ते हेच असावं. सुखात आहे मी.

आबांचा निरोप नाही. लालासाहेबांना गाठून विचारलं. म्हणाले, "आल्तं की स्टँडवर. गाडीपाशी हुबं ऱ्हायलं आन् गेलं." रिकाम्या हातानं गाडीपाशी कशाला येतात? माझ्याकडं यायचं असेल आणि धीर होत नसेल. येतील. दिवाळीच्या आत येतील.

१४ ऑक्टोबर

आली ती आई. एकटीच. सगळी खोली हात लावून लावून बघितली, खुर्चीत बसली, माझं पिठलं-भाकरी खाल्लं. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "लय झ्याक केलंस बाळा." मी ऐटीत विचारलं, "आता पहाटे उठायला नको ना तुला?"

तर म्हणाली, "मी कवा उठत हुते रं? डबा तुझं आबा करायचं. पलटणीत शिकल्यालं. मला चुलीजवळ येऊ द्यायचं न्हाईत. वर म्हनायचं, पोराला सांगू नगंस. तू बंद केलास तवापास्नं बी उठत्यात. चूल पेटवत्यात आन् नुस्तं बसत्यात."

तिला परतीच्या गाडीत बसवलं. लालासाहेबच होते. त्यांना म्हटलं, आबांना सांगा, जया उपाशी हाय.