पारा चाळीसच्या खुणेवर

मुलुंड, १५ जानेवारी १९५६

ती. वनमालाआत्यास, उत्तराचा शि. सा. न. वि. वि.

पोलिओतून पाय वाचले, श्वास मात्र अर्धाच राहिला आहे. दर पंधरवड्याला दादा मला घाटकोपरच्या दवाखान्यात नेतो. तिथे काचेची एक वाकडी नळी आहे, तीत पारा. आधी एकदाच जीव खाऊन फुंकायचे. पारा किती चढला त्यावरून श्वासाच्या स्नायूंचा जोर कळतो. मग तोच पारा चाळीसच्या खुणेवर धरून ठेवायचा. प्रेमा नर्स घड्याळ बघते. तो माझा दम. सध्या आठ सेकंद. वीस झाले तर डॉक्टर शाळेला चिठ्ठी देणार, आणि मोठ्या बाईंनी मी शिकवायचे तो चौथीचा वर्ग जूनपर्यंतच राखून ठेवला आहे.

दुपारी पडवीत पडून समोरचे डोंगर बघते. धुरकट हवेत तेही श्वास घेतात असे वाटते, आणि मी त्यांच्याबरोबर घेते. वहिनी म्हणते, मी डोळे उघडे ठेवून झोपते.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी उत्तरा

देवगड, ४ फेब्रुवारी १९५६

चि. उत्तरास, वनमालाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले गो. चाळीस वर्षे मी चूल फुंकते आहे, पण माझे सेकंद कुणी मोजले नाहीत. शेजारचा सहदेव मुंबईस येतो आहे, त्याच्याबरोबर माझी पितळेची फुंकणी पाठवते. डॉक्टरांना विचार आणि मगच सुरू कर. शेगडीत दोन निखारे पुरेत. गाल फुगवू नकोस, वारा पोटातून सोड. जोरात फुंकलेस तर नुसती राख उडेल. हळू फुंक, पण धार तुटू देऊ नकोस. डोके गरगरले तर थांब. आपल्या घरातला हट्ट मला ठाऊक आहे.

परवा स्वप्नात तू होडीत निजली होतीस. वल्हवायला कुणी नव्हते. भरतीचे पाणी चढत गेले आणि होडी आपसूक आपल्या अंगणाला लागली. मी तुला उठवले नाही.

जेवण पोटभर घे, आणि म्हातारीची आठवण ठेव.
तुझी आत्या

मुलुंड, ६ मे १९५६

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

काल जोर साठाच्या वर गेला. दम मात्र सतराला तुटला.

निखाऱ्यापाशी बसले की वेळ कुठे जातो कळत नाही. लाल, करडा, पुन्हा लाल, आणि मी कुठेतरी लांब असते. पण पाऱ्यासमोर पंधराव्या सेकंदाला छाती थरथरू लागते. प्रेमा नर्सने मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाली की वहीत वीस लिहिते, तीन सेकंदांनी कुणाचे काय जाणार आहे. डॉक्टर पुढच्या आठवड्यात चिठ्ठी लिहिणार. मी हो म्हटले नाही, आणि नाहीसुद्धा म्हटले नाही. शाळा गेली तर मी या पडवीतच विरून जाईन असे वाटते. तू काय केले असतेस?

उत्तराची वाट बघते.
तुझी उत्तरा

मुलुंड, २४ जून १९५६

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचण्याआधीच मी दवाखान्यात जाऊन आले होते. प्रेमाला म्हटले, सतराच असू दे. एकेक सेकंद निखाऱ्यापाशी बसून मिळवला आहे. त्यात तीन फुकटचे मिसळले तर माझे कुठले, ते मलाच कळणार नाही. डॉक्टरांनी खरे तेच लिहिले: दम सतरा, अर्धा दिवस शिकवता येईल, तपासणी चालू. मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, थोडा विचार केला आणि फक्त सकाळचे तास घ्या म्हणाल्या.

सोमवारी वर्गावर गेले. धडा वाचू लागले, पण आवाज मागे पोचत नव्हता, हे मुलींच्या चेहऱ्यांवरून कळले. श्वास घ्यायला थांबले. कौलांवरची कबुतरे ऐकू येण्याइतके शांत झाले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतली मालन उठली, आपले बसकर उचलून पुढे आली आणि माझ्या टेबलापाशी बसली. मग तिच्या शेजारची आली. मग सगळी रांग. सगळ्या सरकून जवळ बसल्या, आणि मी मध्ये मध्ये थांबत धडा शेवटपर्यंत वाचला.

तुझा हात असाच पाठीवर असू दे.
तुझी उत्तरा