राजापेठेतल्या मोटारीचा पांढरा धूर

आश्विन व. ३, मंगळवार
सकाळी हँडल मारलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर. दवाचे दिवस आहेत, जाईल म्हटलं. अर्धा तास झाला, इंजिन चांगलं तापलं, तरी आहेच. शेजारचे पाटील कुंपणापाशी उभे. "काहून तात्या, मोटार चिलीम ओढून राहिली का?"
धुरापुढे आरसा धरला. थेंब जमले. बोट फिरवलं, ओशटपणा नाही. निळा धूर तेलाचा, काळा जादा पेट्रोलचा, पांढरा पाण्याचा. म्हणजे पाणी आत जातंय.

व. ४, बुधवार
रेडिएटर काल काठोकाठ भरला होता. आज दोन बोटं कमी. खाली फरशी कोरडी. टोपी काढून इंजिन चालवलं, आत बुडबुडे. चारही सिलिंडरचे प्लग काढले. १ व ४ हवे तसे. २ व ३ धुतल्यासारखे स्वच्छ.
हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तडकलं असणार. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की तडकतं. आणि ओतलं कोणी? बापूने. सौ.चा धाकटा भाऊ, अकोल्यास जठारपेठेत वकील. नवमीला इथे होता. मोटारीतून गावी जाऊन सोनं वाटायची हौस, म्हणून दसऱ्याच्या सकाळी घेऊन गेला, द्वादशीला परत आणली. मूर्तिजापूरला पाणी घातलं हे त्याच्याच तोंडचं.
पत्र टाकलं. सनद मिळाली म्हणजे इंजिन कळतं असं नाही, हेही लिहिलं. सौ. म्हणाली, आधी उघडून तर पाहा. म्हटलं, सतरा वर्षं लोकांची घड्याळं उघडतोय. कॅम्पातल्या साहेबाने टाकून दिलेली ही मोटार पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन एकट्याने उभी केली. मला न उघडता कळतं.

व. ८, रविवार
बापूचं उत्तर, मोजून चार ओळी. लिंबाखाली तासभर थांबलो, टोपीवर हात ठेववला तेव्हाच पाणी घातलं. "भाऊजी, विश्वास नसेल तर यंदा भाऊबीजेला मी येत नाही. ताईला सांगा."
सांगितलं नाही. पत्र तिनेच उचलून वाचलं. जेवायला वाढलं, बोलली नाही.

व. ११, बुधवार
हेड उघडलं. रॉकेलने पुसलं, खडू फासला, वाट पाहिली. कुठेही रेघ उमटली नाही. हेड शाबूत.
हेडखालची तांब्याची पॅकिंग २ आणि ३ च्या मध्ये जळालेली. तिथले दोन नट काढताना पान्याला जोरच लागला नव्हता.
पॅकिंग मीच घातली, दसऱ्याआधीच्या अष्टमीला. नवी पॅकिंग बसवली की इंजिन तापवून नट पुन्हा कसायचे, हे मीच चारचौघांना सांगतो. नवमीला कसणार होतो. पण खंडेनवमीची हत्यारं पूजेत मांडली गेली, पाने-पकडी सगळ्यांना कुंकू लागलं. दसऱ्याची पूजा होईतो उचलायची नाहीत. आणि बापू सकाळी सातलाच तयार.

व. १२, गुरुवार
काल पुरतं लिहिलं नाही. मी विसरलो नव्हतो. मोटार हवाली करताना नट डोळ्यांपुढे होते. दोन तास थांब, एवढंच म्हणायचं. वकिलापुढे काम अपुरं आहे असं म्हणवेना. "नवी पॅकिंग आहे, बिनघोर जा," म्हणालो. परत आल्यावर कसू म्हटलं. धड आलेली पाहून तेही नाही केलं.
सौ.ने विचारलं, सापडलं का. म्हटलं, पॅकिंग गेली. "कशानं?" म्हटलं, उष्णतेने.
खोटं नाही. पण

अमावास्या, रविवार
नागपूरहून पॅकिंग आली. बसवली. मधल्या नटांपासून बाहेर, क्रमाने. तापवली, पुन्हा कसली. तिसऱ्यांदाही, गरज नसताना. आरसा कोरडा. पाटील म्हणाले, वकिलानं बिघडवली अन् तात्यानं सुधारली. सगळ्या आळीत हेच झालंय. मी आत निघून आलो.

कार्तिक शु. १, सोमवार
पाडवा. सौ.ने ओवाळलं. वर पाहवलं नाही. म्हटलं, उद्या अकोल्याला जाऊ, तूच जाऊन बापूला ओवाळ. निरांजन हातात धरून तशीच उभी राहिली. मग फराळाचे डबे भरायला घेतले, दुपारभर ते संपेनात.

शु. २, मंगळवार
बोरगावच्या अलीकडे, रस्त्याकडेला. मोटारीत काही बिघाड नाही.
मूर्तिजापूर सोडल्यापासून सौ. बोलत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने. म्हणे, तुम्ही मन मोठं केलंत. "मी बापूले सांगते, आता मनात ठेवू नको, भाऊजींनी तुले माफ केलं."
तेव्हाच ब्रेक लावला. काहून थांबलो, विचारते. इंजिन गार होऊ दे म्हटलं. तिने मान डोलवली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे.
खाली उतरून लिहितोय. ती आत ओवाळायचं ताट मांडीवर घेऊन बसली आहे. अकोला दहा मैल. आधी तिला सांगायचं की
हाक मारतेय.