उत्तरेकडे तोंड केलेलं काचघर

प्रिय दादा,

गुरुवारी कंटेनर येणार आहे. तुझं काचघर त्यात चढवायचं की भंगारात द्यायचं, याचा निकाल वहिनीने माझ्यावर सोपवला होता. तो मी दिला आहे. तुला तो माझ्याकडूनच कळावा, म्हणून हे पत्र.

दुबईत, करामा भागातल्या शोकसभेत तुझ्याविषयी जे बोललं गेलं, ते मी मान खाली घालून ऐकलं. दुःखाने नव्हे, चेहऱ्यावरचं काही दिसू नये म्हणून. "सरांचं डिझाइन कधी चुकलं नाही," तुझ्या हाताखालचा एक इंजिनिअर डोळे पुसत म्हणाला. कसं चुकेल? शारजात वीस वर्षं तू एकच गोष्ट केलीस, इमारती गार ठेवल्यास. त्याच बळावर कॅनडाच्या हिवाळ्यासाठी काचघर रचायला बसलास आणि बहिणीला एका शब्दाने विचारलं नाहीस. याला अचूकता म्हणायचं की मिजास?

बहीण अबू धाबीतच होती, दादा. इमारतींतल्या सूर्यप्रकाशावर डॉक्टरेट केलेली.

जानेवारीतली ती दुपार आठवते? सगळे भाग एकदा इथे जोडून पाहावेत, म्हणून तू ते व्हिलाच्या मागच्या अंगणात उभं केलं होतंस. आरशासारखी निळसर काच, सपाट छप्पर, चहूबाजूंनी हातभर छज्जा, आणि सर्वांत मोठी काचेची भिंत थेट उत्तरेला. आत खुर्ची टाकून तू चहा पीत बसला होतास.

"माधुरी, आत ये. बघ कसं गार वाटतंय."

"दादा, हे काचघर आहे ना? मग गार कशाला हवं?"

"एक किरण आत शिरत नाही. आहे तुझ्या पीएचडीत असं काही?"

"नाही. असतं तर नापास झाले असते."

तू खो खो हसलास. "यल्ला, चल, आधी चहा घे, मग माझे मार्क काप."

मी चहा घेतला नाही.

थंड प्रदेशातलं काचघर दक्षिणेकडे पाहतं, कारण हिवाळ्यातला सूर्य तिकडूनच, तिरपा येतो. त्याची काच पारदर्शक आणि दुहेरी असते. छप्पर उतरतं असतं, नाहीतर त्यावर बर्फ साचून काच फुटते. हे शाळकरी पोराला समजावं इतकं सोपं आहे. पण सूर्य म्हणजे शत्रू, हे तुझ्या हाडांत इतकं मुरलं होतं, की जिथे लोक त्याच्यासाठी झुरतात तिथेही तू त्याला दार बंद करायला निघालास.

आणि हे सारं कुणासाठी? वहिनीला कॅनडा नकोच होता. तुमची सायली तिकडे स्थायिक झाली तरी ती हटून बसली होती: दारात अळू आणि कढीलिंब नसेल, तर मी येणार नाही. तू शब्द दिलास, बाहेर बर्फ असला तरी घरची अळूवडी खाशील. त्या एका शब्दावर ती तयार झाली. तुझ्या काचघरात तो अळू पहिल्याच डिसेंबरात कुजला असता, आणि परक्या देशात, तुझ्यामागे, तिने ते एकटीने पाहिलं असतं. तू याचा विचार केला होतास का?

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही तिघी अंगणात उभ्या होतो. वहिनीने विचारलं, "वन्सं, न्यायचं का हे?"

सायली माझ्या कानाशी पुटपुटली, "जस्ट से येस, आत्या. प्लीज. बाबांनी बनवलंय."

मी म्हणाले, "नाही. यात काहीही जगणार नाही." आणि का, ते एकेक करून सांगितलं. सायली पाय आपटत आत निघून गेली.

वहिनी रडली नाही. काचेवर बोट फिरवत म्हणाली, "आयुष्यभर ऊन अडवलं हो ह्यांनी. आत घ्यायचं कसं, ते कुठून सुचणार? पण तुम्हाला येतं ना? मग करा."

काचघरात जाऊन मी पुन्हा सगळं मोजलं. सांगाडा काटकोनात आहे, सांधे पक्के आहेत. झाडांचे वाफे तू वहिनीच्या कमरेच्या उंचीवर घेतलेस. तिचे गुडघे वाकत नाहीत, हे तुझ्या लक्षात होतं. त्या संपूर्ण रचनेत विचार केल्याची खूण मला तेवढीच सापडली. वाफ्यांना मी हात लावलेला नाही.

बाकी सगळं उतरवलं. वर्कशॉपवाले रत्नागिरीचे इब्राहिमभाई कुरकुरले, "मॅडम, हीच काच आम्ही अख्ख्या शारजाला लावतो." मी म्हटलं, "अख्ख्या शारजात अळू नाही लावायचा." आता छज्जा गेला, काच बदलली, छप्पर उतरतं झालं. बसवायला मी स्वतः जाणार आहे; दक्षिण कुठे आहे, हे त्या घरात कुणाच्याही अंदाजावर सोडणार नाही.

तिथे शेजारीपाजारी येतील, अळूची पानं पाहून थक्क होतील, आणि वहिनी सांगेल, "आमच्या ह्यांनी बांधलं." दादा, मी शेजारी उभी असेन. आयुष्यात चुकीचं विधान मी दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. ते एक मी सोडेन. असं वचन तुला देते.

तुझी,
माधुरी