दहाच्या आत वर या

२ एप्रिल १९७५

वीस दिवसांनी वही उघडतोय. उशीर झाला, माफ कर. पण लिहायचं तरी काय?

ईरम्मा गेली. समुद्रात गेली! जन्मभर सोलापूरच्या नळाला रांग लावलेली माझी बायको — आणि पाण्यानं नेली.

मुलीकडे, रत्नम्माकडे, कोकणात गेलो होतो. जावई मल्लप्पा तिकडे रस्त्याच्या कामावर कारकून. ईरम्माच्या गुडघ्यांना खारं पाणी चांगलं, असं कोणीतरी म्हणालं होतं. मल्लप्पानंच जागा सांगितली. वाळूच्या टोकाला खडकात कुंडं आहेत, तिथं कोणी नसतं, आईंना निवांत बसता येईल, म्हणाला.

बाकीचं उद्या.

३ एप्रिल

लिहितोच.

सकाळी आठला पोचलो. वाळूवर माणसाचं एक पाऊल नव्हतं. काळ्या खडकात पाच-सहा कुंडं, काचेसारखं पाणी, तळाला बारीक मासे. ईरम्मा एकात कमरेपर्यंत बसली. "एवढं पानी, अन् भरायला घागर न्हाय की वो," म्हणाली. किती वर्षांनी हसली!

तेवढ्यात टोपली घेतलेली एक कोळीण जाता जाता म्हणाली, "आजोबा, आज भरती मोठी हां. दहाच्या आत वर या."

भरती म्हटलं की आम्हाला पोलीस भरती, मिलिटरी भरती. गावात भरतीचे साहेब आले असतील, गर्दी होईल, असं वाटलं. मी म्हणालो, "बाई, आमचं वय गेलं आता भरतीचं." तिला वाटलं म्हाताऱ्यानं थट्टा केली. हसत हसत गेली.

मी तिसरीत शाळा सोडली. समुद्राचं पाणी वेळ बघून चढतं, हे मला कोण सांगणार? तिनं सांगितलं होतं, तेच मला कळलं नाही.

बाईमाणूस आंघोळीला बसलेलं, म्हणून मी लांब वाळूवर पाठ करून बसलो. आवाज वाढला होता. समुद्राचा आवाज असाच असेल, वाटलं. वळून बघितलं तर कुंडंच नव्हती. नुसतं पांढरं पाणी.

दुसऱ्या दिवशी सापडली. गावात सगळे जाळणारे. आपल्यात बसवून माती देतात, हे तिथं कोणाला ठाऊक नाही. मल्लप्पानं एकट्यानं पहार घेऊन तिथल्या जमिनीतला तांबडा दगड फोडला. संध्याकाळपर्यंत खड्डा खणला. हातांची सालं निघाली.

कोळणीचं बोलणं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

५ एप्रिल

रत्नम्मा माझ्याबरोबरच आली आहे. परत जाणार नाही म्हणते. तिथं मातीवरून उठल्या उठल्या ती चार लोकांत नवऱ्याला म्हणाली, "तुमी धाडलं म्हून गेली माझी आई." मल्लप्पा खाली मान घालून उभा होता. मी शेजारीच होतो.

आज पारूबाई शेजारीण बसायला आली. जावयानंच घात केला म्हणायचा, असं म्हणाली. मी मान हलवली! का हलवली?

६ एप्रिल

नळ आला नाही. दाराची कडी तीनदा बघितली.

८ एप्रिल

मल्लप्पाचं तिसरं कार्ड. रत्नम्मा हात लावत नाही. कपाटावर टाकते. तिचा भाऊबंद सिद्राम येऊन गेला. पोरीला नांदायचं नसेल तर पंच बोलावू, सोडचिठ्ठी करू, असं सांगत होता. ती नको म्हणाली नाही.

आज सांगणार होतो. तिला ताप भरला. बरं झालं, असं मनात आलं. थू माझ्यावर!

१० एप्रिल

जेवताना तोंड उघडलं. "रत्ना —" ती म्हणाली, "काय अप्पा, मीठ कमी हाय का?" व्हय म्हणालो.

१३ एप्रिल

या खेपेला मल्लप्पाचं कार्ड नाही, चिकटवलेलं आंतरदेशीय. माझ्या नावानं.

"मामा, ती कोळीण मातीच्या दिवशीच मला सगळं सांगून गेली. रत्नाला मी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. आई गेली. आता बापावरूनही तिचं मन उडायला नको. मला बोलते आहे, बोलू द्या."

चार वेळा वाचलं. खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. दुपारी पोटभर जेवलो, झोपलोसुद्धा. उठलो तेव्हा रत्नम्मा अंगणात सिद्रामशी बोलत होती. गुरुवारी पंचांनी यायचं ठरलं.

१४ एप्रिल

सांगितलं. कागद तिच्या हातात दिला. ती उभ्यानंच वाचत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, मी त्यास्नी काय काय बोलले." माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी भरली, दुपारच्या एसटीनं गेली. पाया पडली नाही.

२३ एप्रिल

नऊ दिवस झाले. मल्लप्पा, ती पोचली का रे? माझ्याशी बोलू नका, पण पोचली एवढं तरी लवकर कळवा.