उद्या येते, किल्ली जवळ ठेवा

१२ ऑगस्ट, मंगळवार
रजेवरून येऊन सहावा दिवस. स्कूटर खड्ड्यात गेली की टाके अजून ओढतात. सकाळीच सोनडोहहून संगीताचा फोन, तिथली आशा कार्यकर्ती. "ताई, टोकावरच्या मोहल्ल्यात लोकायचे डोळे पिवळे होऊन राहिले. नऊ जण मोजले मी. त्यात ललिता बी आहे." ललिताला सातवा महिना. अशात कावीळ म्हणजे जिवाशी गाठ.
आधी का नाही कळवलं, विचारलं.
"तुम्ही ऑपरेशनले गेल्या न वं ताई. तुमच्या जागेवरचे साहेब फोनच उचलत नाही."
जून-जुलै पाणी तपासणीची माझी गावं एका सहकाऱ्याकडे होती. कागदावर. प्रत्यक्षात सोनडोहला कोणी गेलंच नाही.
उद्या पाण्याचा नमुना घ्यायला जाणार. नेहमीप्रमाणे पाणीवाल्या दामोजींना फोन लावला. अकरा वर्षांची सवय. "उद्या येते, किल्ली जवळ ठेवा." एकदा टाकीचं कुलूप बघून हुडकेश्वरला घरापर्यंत हात हलवत परत आले होते, तेव्हापासून. आज लागला नाही. रेंज नसेल.

१३ ऑगस्ट, बुधवार
मौद्यापुढे रस्ता खराब, पोचायला दहा वाजले. नऊ नाही, चौदा जण. टोकाकडे जाणारी पाइपलाइन नालीतून गेली आहे आणि सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. 
नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, ओटी टेस्टच्या द्रावणाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. झालं नाही. वाटलं, द्रावण जुनं असेल. नवी बाटली फोडली. तरी पांढरंच. टाकीखालच्या नळावर घेतलं. पांढरंच.
सोनडोहला पांढरं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. पाणी सुरक्षित म्हणून दरवर्षी हिरवं कार्ड मिळणारं गाव. मागच्या वर्षी तालुक्याच्या बैठकीत मीच त्याचं उदाहरण दिलं होतं.
दामोजी शेतावर. ग्रा.पं.त रोजचं रजिस्टर पाहिलं. ब्लीचिंग पावडर टाकली: होय. ओटी: पिवळा. रोज. आजचीही ओळ भरलेली. उद्याचीही. परवाचीही. मे महिन्यापर्यंत प्रत्येक पानाखाली माझी सही.
ललिताला गाडीत बसवून नागपूरला पाठवलं. ओळखीचं हसली. म्हणाली, "मॅडम, तुमचीच तब्येत उतरली."

१४ ऑगस्ट, गुरुवार
ललिता दुपारी तीनच्या सुमारास गेली. बाळही.
संगीतानं सांगितलं. पुढे ती काय बोलली, आठवत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
दामोजी भेटले. टाकीच्या पायरीवर बसले होते, टोपी गुडघ्यावर. साठीचे असतील. ललिता त्यांच्या भावकीतली.
चिडूनच गेले होते. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी त्यात फेरफार करीन.
मी: पावडर का टाकली नाही?
"तुमचा फोनच नाही आला, मॅडम."
म्हटलं, त्याचा काय संबंध?
"तुमचा फोन आला का मी पावडर टाकतो. तुम्ही मनता न, उद्या येतो मनून. मंग मी सकाळीच थैली फोडतो. जूनमंदी नाही आला, जुलैमंदी नाही आला. मी संगीताले इचारलं बी, काय वं, मॅडमनं पावडर बंद केली काय? ते मने, मॅडम दवाखान्यात आहे. मले वाटलं, बऱ्या झाल्या का करन फोन."
मी म्हटलं, रोज टाकायची असते. प्रशिक्षणात सांगितलं होतं.
"सांगतलं होतं. पर रोजचं कोनी इचारलं? तुमीच तं इचारत होत्या, अन् तुमी फोन करून इचारत होत्या." मग गुडघ्यावरची टोपी उलटी करत, "रोज टाकली का लोकं बोंबलते, वास येते मनते. तुमच्या दिवशी नाही बोंबलत. मनते, जाऊ द्या गा, आज मॅडम येऊन राहिल्या."
आणि रजिस्टर?
"तुमीच रागावल्या होत्या न एकडाव. रकाना रिकामा नोको मने. मी महिन्याचा एकदमच भरतो."
खोटं बोलणारा माणूस इतक्या सरळ बघत नाही. ते मला काही लपवून सांगत नव्हते. उलट, माझ्याकडून काहीतरी चुकलं असं त्यांना वाटत होतं आणि ते सांभाळून घेत होते.
संगीता बाजूलाच होती. नंतर हळूच म्हणाली, "ताई, मॅडमच्या दिवशी चहाले वास येते मनून बाया आदल्या दिवशीच हंडे भरून ठेवते."
म्हणजे महिन्यातून एक दिवस पाणी शुद्ध होतं आणि त्या दिवशी ते कोणी पीत नव्हतं. मी नळीत घेत होते तेवढंच.

१७ ऑगस्ट, रविवार
घरात राहवेना. सुधीर सक्करदऱ्याला आईकडे जाऊ म्हणाला. निघताना मी सवयीनं सासूबाईंना फोन लावला. तो हसला, "आईकडे जायलाही आधी कळवतेस तू."
मी म्हटलं, आणि त्या घर आवरून ठेवतात.

जूनमध्ये फोन केला असता तर ललिता वाचली असती? नसतीच. महिन्यात एक दिवस पावडर पडली असती, बस. पण या उत्तरानं मला सुटका मिळत नाही. या उत्तरात अकरा वर्षं आहेत.
आणि एक गोष्ट दिवसभर टाळत होते, ती आता लिहिते. माझ्याकडे एकोणीस गावं आहेत. सगळ्यांना फोन करते.

१८ ऑगस्ट, सोमवार
सकाळी सातला फोन. दामोजी. "टाकली, मॅडम. पिवळं आलं." ठेवून दिला.
ऑफिसात आरोग्य अधिकारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं; शेवटी डॉक्टर आहेत. मग म्हणाले, "फोनचं कशाला लिहिता? फोन करू नये असा नियम आहे का?"
नाही म्हटलं.
"मग? पावडर टाकणं त्याचं काम. ग्रामपंचायत त्याला काढतेच आहे. तुमचा खुलासा पुढच्या सोमवारी द्या. दोन परिच्छेद. उगाच मोठेपणा नको."
बाहेर आले तेव्हा मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

२० ऑगस्ट, बुधवार
दामोजींचा फोन रोज सातला. "टाकली, मॅडम."
आज दुसऱ्या एका गावी न कळवता गेले. पाणीवाला चहाच्या टपरीवर होता, मला पाहून ग्लास खाली ठेवायचाही विसरला. "फोन नाही केला काहून, मॅडम?"
ओटीचे थेंब टाकले. पांढरं.
मी नळी उन्हात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. टपरीवाला म्हणाला, "बसा, मॅडम, चेहरा पांढरा पडला तुमचा."

२१ ऑगस्ट, गुरुवार
खुलाशाचे तीन कच्चे मसुदे. पहिल्यात फोन नाही. दुसऱ्यात आहे, पण "सौजन्य म्हणून" असं लिहिलंय. फाडला. तिसऱ्यात नुसतं: मी प्रत्येक वेळी आदल्या दिवशी कळवत असे, त्यामुळे माझे नमुने गावच्या रोजच्या पाण्याचे नव्हते.
हे एक वाक्य गेलं तर एकोणीस गावांची हिरवी कार्डं गेली. माझी वेतनवाढ, कदाचित नोकरीही. नाही गेलं तर एकटे दामोजी.
सुधीरला वाचून दाखवलं. म्हणाला, "दे." मग स्वयंपाकघरातून परत येऊन, "एकदा नीट विचार कर, एवढंच."

२३ ऑगस्ट, शनिवार
काल पोळा, आज मारबत. खिडकीतून ढोल ऐकू येत होते. संगीताचा फोन आला, आवाज बसलेला. सोनडोहलाही सकाळी मारबत काढली, रोगराईचा पुतळा मिरवत वेशीबाहेर नेला. दरवर्षी ओरडतात, खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. आज कोणीतरी ओरडलं, "दामोजीले घेऊन जा गे मारबत!" मग सगळेच.
"दामोजीभाऊ दारातच होते, ताई. आत बी नाही गेले. आयकत राहिले."
माझं नाव कोणी घेतलं का, मी विचारलं.
"तुमचं काहून घेतीन? तुमी तं आल्या का गावात पानी चांगलं येते."

२५ ऑगस्ट, सोमवार
सातला फोन आला. "टाकली, मॅडम. पिवळं आलं." मी म्हटलं, दामोजीभाऊ, गावानं जे केलं ते... ते म्हणाले, "जाऊ द्या. ललिताचा नवरा नव्हता ओरडत. मी पाहत होतो त्याच्याकडे."
खुलासा दिला. तिसरा. आवक-जावकच्या बाईंनी शिक्का मारून माझी प्रत परत केली. साहेब दौऱ्यावर. उद्या वाचतील.
दुपारी कळलं, ग्रामपंचायतीनं दामोजींना आजपासून काढलं. टाकीची किल्ली कोणाकडे दिली, तिथं कोणालाच सांगता येईना.

२६ ऑगस्ट, मंगळवार
सात वाजले. फोन नाही.
सात दहा.
साहेबांचा येऊन गेला, मी उचलला नाही. सोनडोहचा नाही.
सव्वासात. ग्रामपंचायतीचा नंबर काढून समोर ठेवला होता. किल्ली कोणाकडे आहे, आज पावडर पडली का, एवढंच विचारायचं. बोट बटणावर होतं.
नाही करत.
नळी, ओटीची बाटली पिशवीत टाकली. सुधीर विचारतो, कळवलंस का त्यांना? स्कूटर काढते आहे.