बिनगुळाचं सार

प्रिय नानाय,

फोनवर मी तुम्हाला सांगतो, तुमची लेक मारिसेल सुधारतेय. खरं काय ते मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही.

लग्नानंतर फिलिपिन्सला, तुमच्या इलोइलोला आलो, तेव्हा तुम्ही सिनिगांग वाढलंत. आंबट सार दिसल्यावर मी सवयीने गूळ मागितला. तुम्ही तडकलात. "स्पॅनिश यायच्या आधीपासून आम्ही आंबट खातोय. आमच्या व्हिनेगरातल्या मांसाला त्यांनी अडोबो हे नाव तेवढं दिलं. आणि तू गूळ घालणार?" तेव्हापासून इथे सिंगापूरला, क्लेमेंटीच्या आमच्या घरात मारिसेल आमटीतसुद्धा गूळ पडू देत नाही. सार जमलं, की पहिल्याच घोटाला तिचा डावा डोळा आपोआप मिटतो.

परवा डॉक्टरांनी केमो थांबवली. आता उपयोग नाही म्हणाले. काल मी चिंच, कैरी, बिलिंबी, मिळेल ते आंबट आणून सिनिगांग केलं. चव बघतानाच माझे दात आंबले. मारिसेल वाटीभर प्यायली. दोन्ही डोळे उघडे. मग माझा हात धरून म्हणाली, "आज गूळ घातलास ना? असू दे. छान लागतंय."

मी हो म्हणालो.

तुमचा जावई,
सारंग